पडलेल्याला उचलण्याआधी

किल्लारीत पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास घरातून कुणाचा मोठा आवाज आला, तर माझ्या वयाचा माणूस आधी दाराकडे धावतो आणि मग विचार करतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घडले, त्याने आमच्या पिढीच्या झोपेला ही खोड कायमची लावून दिली आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून गाव दमून झोपले होते. सरकारी नोंदीप्रमाणे त्या पहाटे ७,९२८ माणसे गेली. आता गाव नव्या जागी आहे, घरांना सिमेंटचे पट्टे आहेत, तरी झोप मात्र जुन्याच गावातली राहिली.

२०२५ सालच्या मे महिन्यातली एक रात्र. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "मला उचला रे! पडलोय मी. कुणी हाय का जवळ? लवकर उचला!" आवाज माझ्या पुतण्याचा होता. मी अनवाणीच धावलो. खोलीचा दिवा लावला, तर भिंती जागच्या जागी आणि पोरगा गादीवर बसलेला. कानात हेडफोन, हातात मोबाईल, कपाळावर घाम. "काका, तुम्ही झोपलाव नाही का अजून?" असे उलट मलाच विचारू लागला. पडला होता तो मोबाईलमध्ये. उचलणारे तिघे साथीदार होते. एक सास्तूरचा, एक औशाचा आणि एक पुण्याच्या बाजूला कामाला लागलेला.

त्या रात्री मी त्याला नको नको ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "काका, आमची रँक हालंना. आज हंगाम संपायला."

रँक! हा शब्द ऐकला आणि माझा राग थोडा गोंधळला. कारण आमच्या जिल्ह्यात हा शब्द पोरांना कुणी शिकवला, हे मला पक्के ठाऊक आहे. तो आम्हीच शिकवला.

रँकेचा जिल्हा

लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत जे नाव कमावले, त्यावर एक अख्खे शहर उभे राहिले. खोल्या, खानावळी, अभ्यासिका, शिकवण्या. बोर्डाच्या याद्या बंद झाल्या आणि त्यांची जागा 'नीट'च्या रँकेने घेतली. २०२५ साली देशभरातून बावीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. माझा पुतण्या त्या बावीस लाखांतला एक. दोन वर्षे लातुरात खोली करून राहिला. दर आठवड्याला चाचणी, दर चाचणीला रँक आणि ती रँक बापाच्या मोबाईलवर. परीक्षा ४ मे रोजी झाली आणि तो घरी आला. जे पोर दोन वर्षे रँकेशिवाय दुसऱ्या कशाने मोजलेच गेले नाही, त्याने सुट्टीत मन रमवायलाही रँक असलेलाच खेळ निवडला, यात नवल ते काय?

खेळ म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'. ज्यांच्या घरात पोरे आहेत त्यांना तो सांगावा लागणार नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. शंभर खेळाडू एका मोठ्या बेटावर विमानातून उतरतात. चौघांचा एक संघ. हत्यारे, औषधे शोधायची, शत्रूला टिपायचे आणि टिकून राहायचे. सुरक्षित क्षेत्राचे वर्तुळ हळूहळू लहान होत जाते. बाहेर राहणारा मरतो. गोळी लागून कुणी पडला, तर ठरावीक वेळात साथीदाराने जवळ बसून त्याला उठवायचे, नाही तर तो संपला. डावाअखेर गुण मिळतात आणि गुणांवरून पायऱ्या चढतात. कांस्यपासून सुरुवात, मग रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम, हिरा, क्राऊन, एस आणि सगळ्यात वर 'कॉन्करर', म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. हंगाम संपला की गुण घसरतात आणि चढण पुन्हा सुरू.

आमचे चौघे प्लॅटिनमवर अडकले होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. खानावळीच्या पैशांतून वाचवलेले साडेतीन हजार रुपये त्याने कुण्या अनोळखी माणसाला पाठवले होते. तो माणूस याचे खाते घेऊन, याच्या नावाने खेळून, रँक वर नेऊन देणार होता. पैसे गेले, पासवर्डही गेला आणि माणूसही गेला. पोरगा हे सांगताना रडला. मला त्या साडेतीन हजारांपेक्षा एका गोष्टीचे वाईट वाटले. दुसऱ्याने मिळवलेली रँक आपल्या नावावर चालते, हे त्याला इतके सहज कसे पटले? मग २०२४ च्या जूनमध्ये 'नीट'च्या प्रकरणात आमच्याच लातुरात झालेल्या अटका आठवल्या आणि मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आकडा काय सांगतो?

मी क्रीडाशिक्षक होतो. तीस वर्षे खो-खो शिकवला. त्यामुळे मोबाईल काढून घेण्याआधी हा खेळ आहे तरी काय, हे बघावे असे ठरवले. पहिला प्रश्न रँकेचाच. ती ठरते कशी?

या साऱ्या मोजमापांचा मूळपुरुष बुद्धिबळात सापडतो. आर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या गुणांत दोनशेचा फरक असेल, तर वरचा खेळाडू चार डावांत साधारण तीन डावांइतके गुण घेईल, अशी अपेक्षा धरायची. अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी झाली तर गुण वाढवायचे, कमी झाली तर घटवायचे. बलाढ्याला हरवले तर भरपूर मिळते, दुबळ्याला हरवले तर चिमूटभर.

यातून एक गोष्ट निघते, जी पोरांच्या लक्षात येत नाही आणि पालकांच्याही. अशा मोजमापात जितके वर जावे तितके समोर तोलामोलाचे येतात आणि एका जागी जिंकणे-हरणे सारखे होते. तिथे माणूस 'अडकतो'. तो अडकत नाही, खरे तर त्याचे माप घेऊन झालेले असते. तेवढ्याच खेळाने आणखी दोनशे डाव खेळले, तरी काटा थोडा हलून पुन्हा तिथेच येणार. रात्र जागून रँक चढत नाही, याचे कारण हे आहे. काटा हलवायचा तर खेळ बदलावा लागतो.

आणि माप म्हणजे ललाटरेषाही नव्हे. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी येथे महिला विश्वचषकाला उतरली, तेव्हा तिला पंधरावे मानांकन होते. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवले आणि ग्रँडमास्टर झाली. आकडा कालपर्यंतचा हिशेब सांगतो. उद्याचा डाव त्याला माहीत नसतो.

मोबाईलवरच्या या खेळाचे गणित बुद्धिबळाइतके सरळ नाही. गुणांत शेवटपर्यंत टिकण्याला मोठे वजन आहे आणि टिपलेल्या शत्रूंनाही. शिवाय डाव चौघांचा असतो. तिघे चुकले तर चौथ्याचाही डाव लवकर आटोपतो. म्हणून प्रत्येक पोराची तक्रार एकच, "मी चांगला खेळायलो, बाकीचे बुडवायलेत." चौघांनाही वेगवेगळे विचारले. चौघांचेही उत्तर हेच!

वहीतल्या नोंदी

मी एक वही घेतली आणि पुतण्याच्या शेजारी बसलो. मला बंदुकांची नावे कळत नव्हती, ती कळून घेतलीही नाहीत. एवढेच लिहीत गेलो: आधी कोण पडला, कुठे पडला, तेव्हा बाकीचे तिघे कुठे होते, किती वाजले होते. पंधरा दिवस हे चालले. पोरांना आधी गंमत वाटली, मग कटकट आणि मग तेच विचारू लागले, "काका, वहीत काय निघालं?"

निघाले ते खो-खोच्या कुठल्याही शिक्षकाला ओळखीचे वाटेल. पहिली गोष्ट, सगळे एकाच वेळी बोलत. चार तोंडे, एकही कान नाही. ज्या खेळात शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकून जीव वाचतो, तिथे साथीदारांच्याच गोंगाटात पोरे मरत होती. दुसरी, विमानातून उतरताना जिथे सगळ्यांत जास्त गर्दी तिथेच उडी. कारण तिथे पराक्रम दिसतो. दोन मिनिटांत दोघे बाद आणि उरलेले दोघे पळापळीत. तिसरी, वर्तुळ आवळायला लागले की शेवटच्या क्षणी धावायचे. चौथी, रात्री अकरानंतरचे डाव बहुतेक हरलेले. आणि एक हरला की तो भरून काढायला लगेच दुसरा. जुगारी माणूस असाच खेळतो.

पाचवी नोंद मात्र लिहिताना माझा हात थांबला. कुणी पडला की बाकीचे विचार न करता त्याच्याकडे धावत. ज्याने त्याला पाडले तो शत्रू तिथेच दबा धरून असे. मदतीला येणाराची वाटच बघत. एक पडे, त्याला उचलायला दुसरा पडे, दोघांना उचलायला तिसरा. निम्म्याहून अधिक डाव असेच संपले होते. म्हणजे हा संघ वैरामुळे हरत नव्हता, मायेमुळे हरत होता.

मग आम्ही नियम केले. हाक एकानेच द्यायची. औशाचा पोरगा थंड डोक्याचा, ते काम त्याच्याकडे. बाकीच्यांनी दिसले तेवढेच सांगायचे, दिशा आणि अंतर. उतरायचे कडेला. वर्तुळाच्या आत लवकर पोहोचायचे. पडलेल्याने ओरडायचे नाही, शत्रू कुठे आहे ते सांगायचे. कारण पडलेल्यालाच ते ठाऊक असते. आधी धुराचा आडोसा, मग दोघांनी पहारा आणि मगच एकाने उचलायला जायचे. सलग दोन डाव हरले की त्या दिवशी बंद. आणि रात्री दहाला मोबाईल माझ्या खोलीत. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघायचा. त्यात दुसऱ्याची चूक सांगायला बंदी, ज्याने त्याने आपली सांगायची.

शेवटचा नियम सगळ्यांत अवघड गेला. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. गडी आपल्या हातून निसटतोय हे कळले, की बसलेल्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे. 'मीच पकडीन' म्हणणारा संघ बुडवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ते अंतिम सामने मी पोरांना मोबाईलवर दाखवले. खो वेळेवर देणे म्हणजे काय, हे त्यांना तिथे दिसले.

जुलैअखेर चौघे प्लॅटिनमवरून हिऱ्यावर आणि पुढे क्राऊनवर गेले. खेळण्याचे तास मात्र पूर्वीच्या निम्म्यावर आले होते.

बंदी, परवानगी, कायदा

आता घराबाहेर बघू. सरकारने या खेळांशी काय केले? सप्टेंबर २०२० मध्ये चीनशी तणाव असताना ११८ अ‍ॅपवर बंदी आली, त्यात 'पब्जी' होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने भारतात आला. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. या बंदींची कारणे देशाची सुरक्षितता आणि माहितीची गोपनीयता ही होती. आमच्या पोरांची झोप हे कारण त्यांत नव्हते.

दुसरीकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-क्रीडा बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाकडे सोपवली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, तिला पदकांचा दर्जा मिळाला. त्याआधी २०१८ मध्ये जकार्त्याला ती प्रदर्शनी स्वरूपात होती आणि तिथे 'हर्थस्टोन' या खेळात तीर्थ मेहता या तरुणाने कांस्यपदक मिळवले. तो भुजचा. आमच्यानंतर आठ वर्षांनी, २००१ साली ज्या भुजने तेच भोगले, त्या गावचा पोरगा. मला हे वाचून उगाच आपलेपणा वाटला.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. ई-क्रीडेला मात्र वेगळे काढून मान्यता दिली. ही रेघ मला योग्य वाटते. रमीच्या आणि सट्ट्याच्या जाहिरातींनी खेडोपाडी किती घरे पोखरली, ते आम्ही बघितले आहे. पण कायद्याने जुगार दाराबाहेर काढला, तरी घरातला प्रश्न घरातच राहतो. रात्री किती वाजता थांबायचे, हे कलम कुठला कायदा लिहिणार?

चीनने ते लिहून पाहिले. २०२१ पासून तिथे अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास मनाई केली आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीला रोगांच्या यादीत घातले आहे. पण त्याची खूण तासांवर ठेवलेली नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, साधारण वर्षभर असे चालले तर तो विकार. पालकांनी हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आणि उत्तर 'हो' आले, तर रागावण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

कुणी म्हणेल, मास्तर खेळाची वकिली करू लागले. तसे नाही. पहिल्या पाचशेत बसून पोट भरेल, असे मी एकाही पोराला सांगणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की लातुरात दोन वर्षे जी रँक त्याने पाहिली, तीत शेजारचा मुलगा मागे पडला की आपण पुढे जातो. शेजारी पडला तर त्याला उचलावे, त्यासाठी आधी थांबावे, हे शिकवायला तिथे कुणाला वेळ नव्हता. 'नीट'चा निकाल आला, तो त्याच्या मनासारखा नव्हता. खेळावर खापर फोडणे सोपे होते. पण खेळ त्याने परीक्षेनंतर धरला होता. पुन्हा बसायचे ठरले. अभ्यासाला त्याने तीच वहीची पद्धत लावली आहे: कुठे पडलो, का पडलो, तेव्हा किती वाजले होते.

३० सप्टेंबर

हंगाम संपला, गुण घसरले, चढलेली रँक खाली आली. पोरांनी ते फारसे मनाला लावून घेतले नाही. ३० सप्टेंबरला जुन्या गावातल्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षीप्रमाणे श्रद्धांजली झाली. या वेळी ते चौघेही आले होते. इतके दिवस एकमेकांना फक्त आवाजाने ओळखणारे, पहिल्यांदा समोरासमोर. सास्तूरच्या पोराची आजी त्या पहाटे गेली होती, हे बाकीच्या तिघांना तोवर माहीतच नव्हते.

परतताना त्याने मला विचारले, "काका, पाचव्या नियमावर तुम्ही एवढं का अडून बसलाव होता?"

मी सांगितले. त्या पहाटे शेजारच्या ढिगातून माझ्या चुलतीची हाक आली, "मला काढा रे." मी सव्वीस वर्षांचा होतो. एकटाच धावलो आणि हाताला लागली ती तुळई जोर लावून ओढली. वरचे माळवद आणखी खाली आले. हाक थांबली. मग तिघे धावून आले. त्यांतल्या एकाने मला मागे ओढले, सगळ्यांना गप्प केले, कान लावून ती कुठे आहे ते ऐकले, फळ्यांचा टेकू दिला आणि तासाभराने आम्ही तिला बाहेर काढली. ती वाचली. पुढे वीस वर्षे जगली. एक पाय मात्र गेला. तो पहिल्या ढासळीत गेला की माझ्या घाईत, हे तिने मला कधी विचारले नाही आणि मीही तिला कधी विचारले नाही.

चौघे काही बोलले नाहीत. मग औशाचा पोरगा म्हणाला, "काका, ऊन चढलंय, तुम्ही सावलीत बसा. आम्ही गाडी आणतो." चौघेही निघाले आणि जरा पुढे जाऊन थांबले. कुणी गाडी आणायची आणि कुणी माझ्यापाशी थांबायचे, ते आधी ठरवले. मग दोघे गेले, दोघे परत आले.